घरचं माणूस लागतं

— नाही हो दादा, साइजचा प्रश्नच नाही. दहा बाय आठ म्हणाल तर दहा बाय आठ, पंधरा बाय दहा म्हणाल तर तेवढा, मशीन मोकळं आहे, तासाभरात छापून, कडा दुमडून, रिंगा ठोकून हातात देईन. प्रश्न मजकुराचा आहे. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ म्हटलं की माझ्याकडे घरचं माणूस लागतं. मुलगा, भाऊ, पुतण्या, कोणीही चालेल, पण समोर उभं राहून सांगायला लागतं की हो, गेले, छापा. मगच मी फाइल उघडते. बाहेर बोर्डावर संध्या डिजिटल लिहिलंय ना, ती संध्या मीच, आणि नियमही माझाच. का म्हणजे — माझ्या माहेरी, घोटीला, एकाच्या मित्रांनी गंमत म्हणून त्याचा असला फ्लेक्स लावला होता. देवराम नाव त्याचं. तो बिचारा कळवणला लग्नाला गेलेला, आणि त्याची आई एसटीतून उतरते तर समोर मुलाचा फोटो, खाली समई, कोपऱ्यात दोन पांढरी फुलं. ती जी स्टँडवर खाली बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. देवराम परत येऊन समोर उभा राहिला तरी त्याला हात लावून लावून बघत होती. छापला कोणी होता? — मीच छापला होता. विचारलं नाही, पोरांनी फोटो दिला, मी छापला. तेव्हापासून विचारते.

हो, हो, कळलं मला, टीव्हीतला आहे. अभेद. सहा वर्षं दर रविवारी साडेसातला या रस्त्यावरची पोरं घरात बसतात ती त्याच्यामुळे, मला काय माहीत नाही — निळा ड्रेस, चंदेरी मास्क, गोळी लागत नाही, आग लागत नाही. आणि या रविवारी शेवटचा भाग. जाहिरातीत तो धरणाच्या भिंतीवरून खाली पडताना दाखवलाय आणि पुढे नुसता काळोख, म्हणून तुम्हा सगळ्यांना वाटतंय की मारणार त्याला. वाटू दे. पण मला एक सांगा, त्याला मारू नका म्हणून सह्या तुम्हीच गोळा केल्यात, आणि तो मरायच्या आधीच त्याच्या तेराव्याचा बोर्ड जेहान सर्कलच्या चौकात तुम्हीच लावताय, हा कसला निषेध? — त्या मालिकावाल्यांना लाज वाटावी म्हणून? त्यांना मुंबईत बसून जेहान सर्कल दिसतं होय. — व्हिडिओ काढून टाकणार. बरं. टाका. — एक मिनिट, माझा फोन वाजला का? नाही. नाही ना? तुमचा असेल.

तोडगा काढू आपण. तुम्ही असं करा, त्या हिरोचा फोटो द्या. मास्क काढलेला, तोंड दिसतंय असा. तो छापते मी, खुशाल. तो परदेशात फिरायला गेलाय, समुद्रावरचे फोटो टाकतोय, त्याला कसलं काय होतंय. — अहो, नियम माझा आहे ना, मग मी थोडा वाकवेन. फक्त हा मास्कवाला नको. — का नको म्हणजे, फोटो लहान आहे, मोठा केला की फुटेल. — अकरा एमबी आहे? असेल. मग मला आवडत नाही असं समजा. निळा रंग माझ्या मशीनला नीट येत नाही. — हे बघा, मास्कच्या आत तो हिरो नसतोच, मग त्याच्या नावाने हा फोटो कशाला? — आता तुम्ही असे बघताय जशी काही माझी चोरी पकडलीत. एवढा मोठा नट स्वतः दोरावर लटकेल होय? मास्क चढला की आतला माणूस बदलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी आपलं सर्वसाधारण बोलतेय. सगळ्याच मालिकांत असतं. या मालिकेचं मला विशेष काही माहीत नाही, कशाला असेल.

आणि हे खाली काय दिलंय — ‘शोकाकुल’, मग बावीस नावं, बावीस फोटो, पहिला तुमचा, महेश, अभेदच्या चाहत्यांच्या ग्रुपचे प्रमुख, गॉगल लावून. शोक करताना गॉगल. असू दे. पण ही ओळ? ‘लंगडत आला, लंगडत गेला.’ ही पण छापायची? — विनोद आहे. हो, विनोदच आहे, ते चित्रही विनोदच होतं, अभेदच्या काखेत कुबडी आणि खाली ‘लंगडा अभेद’. चार तारखेला दुपारी ग्रुपवर टाकलंत, रात्रीपर्यंत नऊ हजार जणांनी पुढे पाठवलं. मग कोणीतरी लिहिलं, याला गोळी लागत नाही पण पायरी लागते. मग, म्हातारा झाला, घरी बसवा. मग, पैसे घेतात आणि उडी मारायला कंटाळा करतात. — मला कसं माहीत? अहो, दुकानात पोरं येतात, दाखवतात. — तारीख? तारीख राहिली लक्षात. आमच्या धंद्यात तारखाच लक्षात ठेवायच्या असतात, जन्माच्या आणि मरणाच्या. — बरं. असते मी ग्रुपवर. झालं समाधान? ‘वेदिका’ नावाने. हो, तीच, जी तुमच्याशी भांडायची, जिला तुम्ही म्हणालात की ताई, एवढं झोंबतंय तर मालिका बघताच कशाला. — बसा. उठू नका. बसा म्हणते ना.

इकडे ये, फोटो स्क्रीनवर मोठा करते. हा खांदा बघ. डावा. उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे ना? अकराव्या वर्षी मल्लखांबावरून पडला तेव्हाचा आहे तो. हाड बसवलं होतं नीट, पण प्लास्टर आठ दिवस आधी काढून आणलं, जिल्ह्याची स्पर्धा होती म्हणून. मीच म्हटलं होतं, काढा, काही होत नाही. स्पर्धा जिंकला. खांदा राहिला तो तसाच राहिला, अजून शर्ट शिवायला टाकला की टेलर दोनदा माप घेतो. त्या हिरोचे खांदे बघ कसे सरळ आहेत, कपाटासारखे. — कोण म्हणजे? आता कोण म्हणून काय विचारतोस, एवढं सांगितल्यावर. अश्विन. माझा अश्विन. पहिल्या भागापासून, सहा वर्षं, जिथे जिथे तो निळा माणूस उडी मारतो, लटकतो, आगीतून पळतो, तिथे तिथे तो आहे. नाशिकमध्ये कोणाला माहीत नाही. शेजारणीला सांगितलंय, मुंबईत कंपनीत आहे. पहिल्या वर्षी जत्रेत ते मास्क विकायला आले तेव्हा मी तीन घेतले, मास्कवाल्याला काही बोलले नाही, नुसती घेऊन आले. वेड्यासारखी.

— तू काय टाइप करतोयस? महेश. मोबाईल टेबलावर ठेव. आत्ता. पालथा नको, सरळ ठेव, मला दिसू दे. — हे बघ, नीट ऐक. त्याने करारावर सही केलीय. आत मी होतो हे जन्मात कुठे बोलायचं नाही, त्याने नाही, घरच्यांनी नाही. हे बाहेर गेलं तर त्याला परत कोणी उभं करणार नाही, आणि त्याला दुसरं काही येत नाही रे, शाळा त्याने मल्लखांबापायी सोडली. चाळीस हजार माणसं आहेत तुझ्या ग्रुपवर. तुझ्या एका बोटावर आहे ते. मी सांगायला नको होतं. सकाळपासून कोणाशी बोलले नाही मी, म्हणून हे तोंडातून गेलं. तू आलास तो हेच घेऊन आलास, दिवा आणि फुलं, आजच्या दिवशी. दुसरा दिवस नव्हता मिळाला तुला.

आज काय म्हणजे — सकाळी सातला आत नेलाय त्याला. मणक्याचं ऑपरेशन. मुंबईला. चार तास म्हणाले होते, आता चार वाजत आले. त्याचे बाबा आहेत तिकडे. मी इथे, दुकान कोणी बघायचं. — दुकान. — नाही, दुकानाचं काही नाही, कुलूप लावलं असतं तर कोण विचारणार होतं. मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? — तो लंगडत नव्हता, समजलं? आधीच्या एका उडीत पाठीला मार बसला होता, डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिलेला, ड्रेसच्या आत बांधायचा. पट्ट्याने वाकता येत नव्हतं, म्हणून तुम्हाला तो असा अवघडलेला दिसला. तशात त्याने पाच भाग काढले. मग शेवटच्या शॉटच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, आई, डाव्या पायाला मुंग्या येतात, मध्येच पाय आहे की नाही कळत नाही, सांगू का त्यांना की मला नाही जमणार? असं विचारलं त्याने. मला विचारलं. आणि त्याच दुपारी मी तुझं ते कुबडीचं चित्र बघितलं होतं. नुसती भणभणत होते मी. मी काय म्हणावं? म्हणावं की बाळा, ये घरी. मी म्हटलं, अरे, लोक नावं ठेवतायत तुला. लंगडा म्हणतायत. सहा वर्षं केलंस आणि आता असा शेवट करतोस? एकच शॉट राहिलाय, जरा जोर लाव, तोंडं बंद कर त्यांची.

बरं म्हणाला. एवढंच. सकाळी पट्टा काढून ठेवला त्याने. सेटवरची भिंत, खाली गाद्या, दोर, सगळं जागेवर होतं, कोणाची काही चूक नाही, नुसता पट्टा नव्हता. जाहिरातीत तुम्ही बघता ना, हवेत एकदम दुमडतो तो, आणि मग काळोख — तो शॉट तोच आहे. चांगला आला म्हणून ठेवला त्यांनी. तुम्ही लिहिलंत, काय पडलाय, अंगावर काटा आला. मी वाचलं ते. सगळं वाचते मी. — रडू नकोस, तुला रडवायला सांगत नाही. चित्र तू काढलंस हे खरं, पण अश्विन कधी तुमचा ग्रुप बघत नाही. कधीच नाही. तुझं चित्र त्याच्यापर्यंत पोचवलं कोणी? मी पोचवलं.

दाखव. काय लिहिलंस ते दाखव. — ‘फ्लेक्स रद्द. कारण विचारू नका.’ — एवढंच? पाठवलंस? — ग्रुपवरचं ते चित्रही काढून टाकलंस. आता काढून काय होणार, नऊ हजार ठिकाणी गेलंय ते. पण बरं केलंस. पाणी पी. तिथे माठ आहे.

आणि कोणी भांडायला आलंच तुझ्याशी, तर सांग, बाईने नियम सांगितला. श्रद्धांजलीला घरचं माणूस लागतं. समोर येऊन सांगावं लागतं. घरचं माणूस तुझ्यासमोर बसलंय, आणि ते सांगतंय की तो आहे. रविवारी टीव्हीत काय व्हायचं ते होऊ दे, मी बघणार नाही. माझ्या मशीनमधून त्याचा —

थांब. वाजला. माझाच आहे. — उचलते. उचलते ना, हात पुसू दे. — अहो, बोला. — हं. — हं. बाहेर आणला? कधी? — आणि पाय? — उद्या कळेल. बरं. उद्या. — काय? नीट ऐकू आलं नाही, परत सांगा. — शुद्धीवर आल्या आल्या? — मला? मी कुठे आहे विचारतोय? — तू निघ आता. — नाही हो, तुम्हाला नाही म्हटलं, एक गिऱ्हाईक आहे समोर. — तू जा रे. आणि जाताना शटर ओढून घे, अर्धं नको, पूर्ण. — हं. आहे मी. द्या त्याला.