तिसरं डिपार्टमेंट

परवा वर्गात काय झालं, ऐका. इथे अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या कॉलेजात मी फायनान्स शिकवतो ना, तर मुलांना एक केस दिली. गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी तोट्यात आहे, तीनपैकी एक डिपार्टमेंट बंद करायचंय. कोणतं?

अख्खा वर्ग एकमताने म्हणाला, "तिसरं." पुढे बसणारी एमिली तर म्हणाली, "नोबडी विल नोटिस, प्रोफेसर!"

मी शांतपणे सांगितलं, "कंपनी खरी आहे, नाव तेवढं बदललंय. तिसऱ्या डिपार्टमेंटचा मॅनेजर मी होतो. नोकरी गेली, म्हणून इथे शिकवतोय."

एमिलीने हळूच हात वर केला. मला वाटलं, सॉरी म्हणेल बिचारी.

"पण प्रोफेसर, आमचं उत्तर बरोबर आहे ना?"

"शंभर टक्के बरोबर," मी म्हटलं.

आणि यार, तरी सगळ्यांना ए न देता बी प्लस दिला.