मेण थंड होईपर्यंत

— नाही, बोलायचं नाही, दिगंबरकाका, तोंड उघडलंत की झालं कल्याण. मेण अजून गरम आहे, वरच्या-खालच्या हिरड्यांमध्ये आत्ता कुठं बसलंय, त्याला थंड होऊ द्या. हौ म्हणायचं असेल तर एक बोट वर करा, नक्को असेल तर हात मांडीवरच राहू द्या. आणि दाराकडं बघू नका, रहमत उस्ताद जुम्म्याच्या नमाजला गेलेत, दवाखाना माझ्या भरवशावर आहे — असे डोळे काय करायलात? तीन वर्षं झाली, मी या दवाखान्यात कवळ्या करायला शिकायलोय. आमचे बाबा अजून चिक्कडपल्लीभर सांगत फिरतात, आमचा नरहर कायदा शिकतोय म्हणून. वकिलाचा मुलगा लोकांच्या तोंडात हात घालतो हे त्यांना सांगवत नाही — आणि स्वतःची दाढ हलायला लागली की मागच्या दारानं माझ्याच खोलीत येतात.

मी एवढी बडबड का करायलोय म्हणाल, तर कामच आहे ते. माणसाला 'नीट चावा' म्हटलं की तो हमखास वाकडं चावतो, जबडा पुढं काढून बसतो. त्या मापावर दात बसवले की पहिल्या घासाला कवळी ताटात. म्हणून उस्ताद म्हणतात, 'बातां में लगा दो मियाँ, जबड़ा आप ही ठिकाने कू आ जाता.' म्हणजे गप्पांत माणूस जबडा विसरला पाहिजे. तेव्हा तुम्ही विसरा, मी बोलतो. काय बोलू? काचीगुड्याच्या स्टेशनावर गर्दी केवढी आहे म्हणता, रोज कुणाच्या ना कुणाच्या ट्रंका टांग्यातून चालल्यात. निजामाच्या जुन्या राज्याचे भाषेवार तीन तुकडे करायलेत आणि तुमच्यासारख्या सचिवालयातल्या माणसांचेही वाटे घालायलेत — मराठी ना, मग चला मुंबईला. तुमचाही हुकूम आलाच की. तुम्ही म्हणालात, बोळकं घेऊन नव्या साहेबापुढं उभा राहणार नाही, आधी दात, मग मुंबई. बरोबरच आहे. तिथं आधीच म्हणतील, हा निजामाचा कारकून, फाइलीवर उर्दू लिहितो, मराठी लिहिताना चाचपडतो. मुंबईला जायचंय ना पण, काका? बोट वर करा. — बरं. हात मांडीवरच. राहू द्या. मेण थंड होतंय.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, हे माप दोनदा बिघडलं कसं. पहिल्यांदा तुमच्यामुळं, तुम्ही सगळा वेळ बदलीचाच विचार करत होतात. दुसऱ्यांदा — दुसऱ्यांदा उन्हामुळं. मेणाचं माप खिडकीत राहिलं आणि पघळलं. खिडकीत कसं गेलं? मांजरानं नेलं असेल. नाही, मांजर इतकं वर कशाला ठेवील — कुणीतरी ठेवलं असेल. मी तुमच्या भारतीला म्हणालोही, दुपारी त्या खिडकीत ऊन येतं, तर ती म्हणाली, मग तिथंच ठेव की —

बसा. काका, बसा आधी, तोंडात मेण आहे. उठून जाल कुठं, आणि बाहेर बाकावर तीच बसली आहे, तिला काय सांगाल, मेण तोंडात धरून? माझं ऐका. गच्चीला गच्ची लागून आहे आपली, लपून-छपून काही नाही, म्हणजे तुमच्यापासून सोडलं तर. तुम्ही गेलात की ती जाणार. मग मी काय करावं? दात होईनात म्हणून तुम्ही थांबलात, दोन आठवडे मिळाले. पाप असेल तर असो, तुम्ही पेजेवर राहिलात याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं, भारतीलाही वाटतं. तुमचा भात ती स्वतः घोटते ना.

पण खरी मेख पुढंच आहे. उस्तादांनी सांगितलंय, एक अख्खी कवळी माझा हात न लागता करून दाखव, पेशंटला तिनं भाकरी चावू दे, मग तू कारागीर. ती कवळी म्हणजे ही, तुमची. ती झाल्याशिवाय मी नुसता शिकाऊ, कुठल्या तोंडानं तुमच्याकडं मुलगी मागू? आणि ती झाली की तुम्ही गाडीत बसणार. दोन्हीकडून माझाच घास अडकलाय. म्हणून आज ठरवलं, बास. माप नीट घ्यायचं, दात चांगले लावायचे, असे की तिथल्या साहेबाला खोटे वाटू नयेत, आणि मग सरळ तुमच्या दारात येऊन विचारायचं. नाही म्हणालात तर निदान नीट चावून म्हणाल. आज मी काही केलेलं नाही, काका. आज लबाडी नाही. कारागीर जावई चालेल का, एवढं सांगा. बोट — नको, बोटही नको, आत्ता हलू नका. थोडंच राहिलंय, मग घट्टच होतं ते मेण.

अहो, जबडा. जबडा हलला तुमचा. मागं घ्या. मागं म्हणतोय मी, आणि तुम्ही पुढं — काका, तुम्ही माझ्याकडं बघत बघत पुढं सरकवायलात. अजून पुढं. आता ते कशाच्याही कामाचं नाही. गेलं माप.

काढा, काढा ते. ही घ्या वाटी, चूळ भरा. आता तोंड मोकळं आहे, बोला की काहीतरी. ओरडा हवं तर. नुसतं हसायलात? बदलीचं काय मग, तिकडं काय कळवणार? — खांदे उडवायलात. आणि माझी कवळी? माझ्या कारागिरीचं काय?

भारती, ये आत, काकांना घरी ने. पेजच करावी लागेल अजून आठवडाभर. हौ, बिघडलं. अशी बघू नकोस माझ्याकडं. शपथ, या खेपेला मी नाही.