चार हाका

कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं की विंडोज म्हणून तुम्ही भांडाय लागलात की मला आमचा सलीमभाई आठवतो. लातूरच्या एका कोचिंग क्लासात आम्ही दोघं नेटवर्क बघायचो. चाकूरच्या शाखेतलं मशीन चालू हाय का, हे तो लिनक्सवरून पिंग करून बघायचा. पिंग म्हणजे लांबच्या मशीनला हाक मारायची, ते ओ देतं. काळ्या पडद्यावर उत्तराच्या ओळी संथ सरकायच्या अन् हा तंद्रीत बघत राहायचा.

एकदा क्लासचे मालक सर म्हणाले, "सलीमभाई, विंडोज टाका. पिंग त्याच्यातबी हाय."

"हाय सर. पण ते चार हाका मारून गप बसतंय. लिनक्स आपण थांबवेपर्यंत मारत राहतंय."

"चार बास झाल्या की."

पडद्यावरची नजर न काढता सलीमभाई म्हणाला, "भूकंपात अब्बा ढिगाऱ्यावर उभं राहून मला हाका मारत होते. मी नवव्या हाकेला ओ दिली."