दहा गाठून परतणारी संख्या

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्याध्यापिका बाई, शाळा समितीचे मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे गणिताचे पगारे सर, आणि सुरगाण्याच्या पाड्यापाड्यांवरून आलेल्या माझ्या वडीलधाऱ्यांनो, भावाबहिणींनो,

मी महेश बहिरू भोये. शिक्षण नववी. वापी, सुरत करत सध्या मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात आहे. एका जागी माझा पाय ठरत नाही, हे सर जाणतात. तरी माझ्या हाती माईक दिलात, उपकार आहेत.

भात निघालं की आमची घरं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायची. पोरंही सोबत. परतल्यावर सरांनी कधी विचारलं नाही, कुठं होतास. वर्गाच्या दारात उभं राहून एक संख्या म्हणायची, बस. एकपासून दहापर्यंत चढायचं, तसंच एकपर्यंत उतरायचं. सलग लिहिलं की १२३४५६७८९१०९८७६५४३२१. बरोबर आली की आपली जागा आपल्याला.

सर सांगायचे, ही मूळ संख्या आहे. हिच्या एकसारख्या रांगा करून बघा. दोनदोनच्या, तीनतीनच्या, पाचपाचच्या, शेवटी एक उरतोच. पुढं कितीच्याही करा, ही पुरती बसत नाही. एवढी मोठी वीस आकडी, पण एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागू शकत नाही. केवढा हा ताठा!

एकदा मी घाईत नऊवरूनच उतरलो. वर्ग हसला.

"का रे महेश, दहा कुठं ठेवलास? बागेत?"

"सर, एकच तर ऱ्हायला."

"एकच? ये फळ्यापाशी."

सरांनी नऊ वेळा एक लिहिला आणि त्या संख्येला तिनेच गुणायला लावलं. उत्तर आलं ते माझंच, बिनदहाचं. "बघ. दहा गेला, की हिची कुणीही वाटणी करतं."

त्याच वर्षी नववीवरूनच माझी शाळा सुटली. आज मुकादम मला त्याला हव्या त्या पाळीत, हव्या त्या लाइनीत ढकलतो, तेव्हा सरांचा फळा आठवतो.

माफ करा, सत्काराच्या वेळी घरचं बोलतोय. माझी बहीण आरोही यंदा दहावीत आहे. परवा गाडी बागेला निघते आणि आमच्या वडिलांनी, आबांनी, तिचंही गाठोडं बांधलंय. आबा, घरी बोललो असतो तर तुम्ही उठून गेला असता. सरांसमोर उठणार नाही, म्हणून इथं बोलतो. तिच्या जागी मी येतो. कारखान्यात सांगून आलोय.

काय म्हणालात? मागं ऐकू गेलं नाही. आबा विचारतायत, "तुला छाटणी तरी येते का रं?"

नाय येत, आबा. शिकवा.

आबांची मान हलली, हो म्हणून. सर, तुम्ही साक्षीला आहात.

उद्यापासून सर नाशिक रोडला लेकीकडे असतील. बाई, दारातली ती रीत तेवढी चालू ठेवा, ही विनंती. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभार. उणंअधिक बोललो असेन तर पदरात घ्या. आणि सर, हार घालण्याआधी जरा वर्गापर्यंत चला. मी दारात उभा राहतो. या वेळी दहा विसरणार नाही.