शेवटच्या बटणाचं चौथं भोक

...नाई, बसा तुम्ही तिघी, स्टूल आहे तिथी, पण पिशवीतून ब्लाउजपीस काढायच्या आधी माह्यं ऐकून घ्या, कमरुद्दीन चाचा नमाजीले गेले आहेत तोवरच बोलून घेते, त्यायच्या तोंडावर मले बोलता येत नाई, अख्ख्या अहेरीत त्यायच्यासारखी शिलाई कोणाची नाई अन् त्यायच्यासारखं गोड बोलणंही कोणाचं नाई... पण मले एक सांगा, अर्धं झालं म्हणजे काय झालं?

मी ललिता. वनरक्षक झाली. तिसऱ्यांदा भरती दिली तेव्हा झाली, दोनदा धावण्यातच राह्यली, दोन्ही वेळा चार-सहा सेकंदानं, मंग वर्षभर पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यानं धावली, मांगं कुत्रे, पुढं कुत्रे, पण झाली. आमच्या गावात वर्दी घालणारी पहिली बाई मीच. उद्या सोमवारी सकाळी आठले हजर व्हायचं आहे, वर्दीतच या म्हणे साहेब. अन् माय म्हणते, आधी मले घालून दाखव. म्हणून पंधरा-सोळा दिवसाआधीच खाकी कापड आणून दिलं चाचाले.

आठ दिवसांनी आली. चाचा चष्म्यावरून पाहून म्हणे, ‘अर्धं झालं समज बेटा.’ झालंही होतं, खोटं नाई, पाठ अन् पुढा जोडून होता. ‘बाकीच्यातलं अर्धं उद्या.’ उद्या आली तं बाह्या लागल्या, ‘अर्धं झालं समज,’ त्याच्या दुसऱ्या दिवशी आली तं कॉलर, मंग खिसे, मंग राह्यले बटणं. बटणं आठ. एका दिवशी चार लागले, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी एक. उरलं एक. मी म्हटलं, आता एका बटणाचं अर्धं हा माणूस कसं करन? केलं न बाप्पा. बटणाले चार भोकं असते. काल आली तं दोन भोकांतून दोरा, दोन रिकामे. ‘अर्धं झालं समज बेटा.’ अहो, अर्धं झालं म्हणजे काय झालं? मले रडूच आलं, खरं सांगते, याच स्टुलावर बसून रडली मी.

तं चाचाची पोरगी मदीहा, अकरावी सायन्सले आहे, इथीच काजं करत बसते, तिनं कापडावरचा खडू घेतला अन् टेबलावर रेघ मारली. म्हणे, ‘ताई, हे अख्खं काम. अब्बा अर्धं करते, मंग उरल्याचं अर्धं, मंग त्याच्याही उरल्याचं अर्धं. कितीही मिळवत गेलं तरी एकाच्या पुढं जात नाई, अन् अनंत वेळा मिळवलं तं बेरीज बरोब्बर एक.’ मी म्हटलं, म्हणजे पूर्ण होते? ‘होते न.’ कधी? ‘अनंत चकरा झाल्यावर.’ मी म्हटलं, पोरी, माह्यी हजेरी सोमवारी आहे.

मंग ती रेघेवर खडूनं बारक्या खुणा करत म्हणे, ‘तुम्ही रोज एकदा येऊन राह्यल्या न, तेच चुकून राह्यलं. काम अर्धं-अर्धं होते, तं मधला वेळही अर्धा-अर्धा करा. उद्या नऊले या. मंग दोन तासानं या, मंग एका तासानं, मंग अर्ध्या, मंग पाव. सगळे मिळून चारच तास भरते. एकाच्या ठोक्याले तुमच्या अनंत चकरा संपल्या.’ आता मी काय, भरतीले धावलेली बाई. म्हटलं, मारते.

आज नऊले आली, तिसऱ्या भोकात सुई. अर्धं झालं समज. अकराले आली, चवथ्या भोकात सुई, दोरा ओढायचा राह्यला. बाराले दोरा अर्धा ओढला. साडेबाराले गाठीचा पहिला फास. पाऊणले दुसरा, पण ढिल्ला. पुढची चक्कर साडेसात मिनिटानं, आता साडेसात मिनिटात माणूस जाईन कुठी, पानठेल्यापर्यंत गेली अन् आली. मंग पावणेचार मिनिटं, ओटा उतरली, ओटा चढली. मंग दोन मिनिटालेही कमी, दारातच गोल फिरली. मंग नुसती पाठ करायची अन् तोंड करायची, झालं काय चाचा, अर्धं झालं समज, झालं काय चाचा, अर्धं झालं, झालं काय, अर्धं, झालं काय, अर्... चाचाले बोलायलेच वेळ पुरेना. शेवटी त्यायनं दातानं दोरा तोडला अन् म्हणे, ‘घे बेटा, झालं.’ भिंतीवर पाह्यलं तं एक वाजला होता.

मी तो शर्ट छातीशी धरला. इतकी खुशी मले निवडीची यादी लागली तेव्हाही झाली नव्हती. मंग म्हटलं, चाचा, अन् पँट?

चाचानं चष्मा काढला. ‘पँट कोणती बेटा? माप तं तू शर्टाचंच दिलं.’

मी मदीहाकडं पाह्यलं. ती टेबलावरची रेघ पुसत होती. म्हणे, ‘ताई, बेरीज एक येते म्हटलं होतं मी. दोन नाई.’

म्हणून सांगते, तुमचे ब्लाउज ठेवा बाजूले, आज ही मशीन माह्यी आहे. चाचा आले की पँट कापायची, चकरा पहिल्यापासून. झाली तं झाली. नाई झाली तरी उद्या आठले मी साहेबापुढं उभी राहीन म्हणजे राहीन... कमरेच्या वर वनरक्षक, अन् खाली मायचं लुगडं.