चुडामणदादांची झाकलेली गाडी

टाळ जरा खाली ठेवा मंडळी. मृदंगवाले भाऊ, तुम्हीही घाम पुसून घ्या. एक प्रश्न विचारतो, पण उत्तर लगेच देऊ नका — मागच्या खेपेला तुम्ही इतक्या जोरात उत्तर दिलंत की माझं कीर्तन तिथंच आटोपत होतं! प्रश्न असा. आपण म्हणतो, 'मी याला जिवापाड जपतो.' जपतो म्हणजे काय करतो हो? पुसतो? झाकतो? लिंबू-मिरची बांधतो? की आत काय चाललंय ते कधी विचारतो?

गप्प बसलात. बरं झालं. ऐका.

रावेरच्या बाजूला एका गावात चुडामणदादा म्हणून केळीचे बागायतदार होते. माणूस वाईट नाही हं! देवाधर्माचा, चार लोकांना जेवू घालणारा. फक्त एक खोड — आपल्याला सगळं कळतं! अशी माणसं तुमच्या गावात नसतील म्हणा. (हसू नका, शेजारी बघू नका!) त्यांची बायको इंदूबाई. आणि पोरगा लोकेश, तो बंगळुरात नोकरीला. पोरानं बापासाठी गाडी घेऊन दिली. साधीसुधी नाही — परदेशी, काळी कुळकुळीत, दार लावलं तर आवाजसुद्धा येत नाही अशी! गावात आली तेव्हा ओवाळायला अख्खी आळी जमली.

पोरगा शहाणा. जाताना म्हणाला, "बाबा, ही गाडी थंड मुलखात जन्मलेली आहे. आपला उन्हाळा तिला सोसवायचा नाही. उन्हाळ्याआधी इंजिन गार ठेवणारं कूलंट बदलून घ्या, बोअरचं पाणी अजिबात घालू नका, आत खार धरतो. रबरी नळ्या उन्हानं कडक होतात, त्या तपासा. टायरमधली हवा बघा, बॅटरी बघा. आणि इंजिन तापल्याचा तांबडा दिवा लागला की जिथं असाल तिथं थांबा!"

दादा काय म्हणाले? "तू मला शिकवतो का रे? वीस हजार खोडं जगवतो मी या झळीत!"

आता झाली का पंचाईत! तुम्ही केळीवाले, तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात गरम वारा सुटला की बाग करपते. मग आपण काय करतो? बागेच्या कडेनं हिरवी जाळी बांधतो, घडावर पिशवी घालतो. झळ आत जाऊ द्यायची नाही! दादांनी तेच केलं. बागेतली उरलेली हिरवी जाळी आणली, दुहेरी केली, आणि बोनेटच्या पुढं जिथून वारा आत जातो तिथं आतून तारेनं घट्ट बांधली. म्हणे, "इंजिनाला झळ लागायला नको!"

अहो, मी कीर्तनकार, मेकॅनिक नाही. पण एवढं मलाही कळतं की इंजिन म्हणजे चूल. केळीला वारा जाळतो, आणि इंजिनाला तोच वारा गार करतो — गरम असला तरी! दादांनी मायेनं त्या गाडीचं नाक दाबलं. मायेनं हो! हेच तर वाईट आहे. द्वेषानं दाबलं असतं तर कुणीतरी हात धरला असता.

वरून मात्र थाट! रोज धुणं, पुसणं, सावलीत उभी करणं, अंगावर मखमली कव्हर. सर्व्हिसिंगचा फोन आला की, "गाडी कुठं फिरली आहे एवढी? नव्यासारखी आहे!" आणि कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी. तांबडा दिवा अधूनमधून लागायचा. दादा म्हणायचे, "ती तसं करते. थोड्या वेळानं दिवा जातो."

त्याच घरात इंदूबाई म्हणायच्या, "अहो, मला दुपारी डोळ्यांपुढं अंधारी येते." दादा म्हणायचे, "उन्हाळा आहे. सगळ्यांनाच येते."

विठ्ठल, विठ्ठल. पुढं ऐका.

वैशाखात बऱ्हाणपूरला नात्यातलं लग्न निघालं. मुहूर्त दुपारचा! आपल्याकडं हे एक — सूर्य डोक्यावर आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. सकाळी इंदूबाई म्हणाल्या, "डोकं जड झालंय. तुम्ही एकटेच जाऊन या." दादा म्हणाले, "वा! गाडीत एसी आहे, घरापेक्षा गार. लोक काय म्हणतील, एवढी गाडी आणि बायको घरी?" त्या माउलीनं पैठणी नेसली, थंड पाण्याचा जार पायाशी ठेवला, आणि मागच्या सीटवर बसली.

अर्ध्या वाटेवर एसीची हवा गरम झाली. इंजिन तापलं की अशा गाड्या स्वतःहून एसी बंद करतात, जीव वाचवायला. गाडीला कळलं, दादांना कळलं नाही! तांबडा दिवा लागला. दादा म्हणाले, "जाईल आत्ता दिवा." बाई म्हणाल्या, "अहो, काच उघडा, जीव घाबरतोय." दादा म्हणाले, "वेडी का काय? बाहेर वणवा आहे. झळ लागेल. काच बंद राहू दे."

बाईंनी पदर तोंडावर घेतला. पुढं त्या काही बोलल्या नाहीत. दादांना वाटलं, झोप लागली.

आणि मग बोनेटमधून वाफ! फस्स करून! गाडी रस्त्याच्या कडेला गचके खात थांबली. आजूबाजूला झाड नाही, वस्ती नाही. दादा उतरले. मंडळी, ते कुठल्या दाराकडं गेले?

बोनेटकडं गेले.

मागून बारीक आवाज आला, "पाणी..." दादा ओरडले, "थांब गं! आधी गाडी चालू होऊ दे, लगेच दवाखान्यात नेतो!" आणि त्यांनी तो जार उचलला. तिच्या पायाशी ठेवलेला. पाण्याचा तेवढा एकच जार होता. उपरणं हाताला गुंडाळून कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं — हात पोळला, तरी मागं सरले नाहीत — आणि सगळा जार आत ओतला. वाईट नव्हतं हो त्यांच्या मनात! गाडी चालली तर बायको वाचेल, एवढंच होतं. पण उन्हानं वाळलेली रबरी नळी खाली उभी चिरली होती. वरून पाणी ओतलं ते खालून सरळ डांबरावर. दादा वाकून बघत राहिले. तोवर रस्ता कोरडा झाला.

मग त्यांनी मागचं दार उघडलं. बाईंच्या अंगावर घाम नव्हता. अंग तव्यासारखं, आणि तोंडाला येईल ते बोलत होत्या — माहेरची नावं घेत होत्या. दादांनी जार उलटा करून त्यांच्या ओठांना लावला. त्यात काय असणार?

केळीचा एक टेम्पो आला. त्या पोरांनी बाईंना घडांवर निजवलं, आपल्या बाटलीतलं पाणी तोंडावर शिंपडलं. रावेरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी नाडी धरली, आणि हात खाली ठेवला.

गेल्या होत्या.

डॉक्टर तरुण होते. कागद भरायचा म्हणून हळूच विचारलं, "दादा, यांना हा त्रास कधीपासून होता?"

चुडामणदादा म्हणाले, "एसी बंद पडला हो... गाडी पहिल्यांदाच बंद पडली..."

डॉक्टर म्हणाले, "गाडीचं नाही विचारत. यांचं विचारतोय."

दादांनी कधी विचारलंच नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार! तो एवढा मोठा माणूस दवाखान्याच्या फरशीवर खाली बसला.

मंडळी, दादांना नावं ठेवून घरी जायचं सोपं आहे. मी तुम्हाला तेवढं सोपं करून देणार नाही. कीर्तनाला निघताना तुमच्या घरात कोण म्हणालं, 'तुम्ही व्हा पुढं, मला आज जरा बरं वाटत नाही'? आठवा. कुणीतरी म्हणालंय. आणि तुम्ही 'बरं' म्हणून चपला घातल्यात!

आरती मी आणि हे टाळकरी करू. देव रागवायचा नाही, त्याची जबाबदारी माझ्यावर. तुम्ही उठा. घरी गेलात की ती म्हणेल, 'काही नाही झालं मला, तुम्ही जेवून घ्या.' जेवायला बसू नका. आधी तिच्या कपाळाला हात लावून बघा.

अजून बसलात? उठा म्हणतो ना!