खोळीतली रायफल

हॅलो?

हॅलो, अर्पिता? बोल गं, बोल… न्हाई, तुलाच लावणार होते फोन. ऐक. आज धावडा गावाचा इतिहास बदलून राह्यलाय.

…कशाचा म्हणजे? बंदुकीचा.

न्हाई गं बाई, कोणी कोणाला मारलं न्हाई. इतिहास म्हटलं की तुला मारामारीच का आठवती? बरं, धावड्याचा राहू दे. आपल्या मळ्याचा. मळ्याचा बी राहू दे, अंगणाचा म्हण. अंगणात चाळीस-पन्नास माणसं उभी हायेत, अन् मी गच्चीवर उभी हाय. खाली रेंज न्हाई, अन् इथनं सगळं बराबर दिसतं.

हो, हो… आज खंडेनवमी, म्हणून तर आजचा दिवस धरला. तुझ्या दादाची पेटी तयार झाली.

…हार्मोनियम कुठनं आली? ठिणगीची पेटी. आठ महिने घरात दुसरं काय चालू होतं? मला वाटलं, आबांनी सांगितलं असंल तुला… न्हाई? मंग पहिल्यापास्नं सांगते.

हे बघ. आबांच्या रायफलीला घोडा हाय. घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटती, मंग आतली दारू पेटती, मंग बार उडतो. बरोबर?

…माहितीय मला, ठासणीची बंदूक हाय ती. पण तुझे वडील चाळीस वर्षं तिला रायफल म्हणून राह्यले, तर या घरात ती रायफलच. तुला जालन्यात बसून दुरुस्त करायला काय जातंय.

तर तुझ्या दादाचं म्हणणं, घोडाच नको अन् टोपीबी नको. बटण दाबायचं, आत ठिणगी पडती, संपलं. घोड्याचा हिसका न्हाई, म्हणून नेम हलत न्हाई. टोपी न्हाई, म्हणून पावसात सर्द व्हायला काही उरतच न्हाई… बघ, तू बीएस्सी, तुला दोन मिनिटात पटलं. आबांना आठ महिन्यांत पटलं न्हाई.

अगं ऐक ना… हे काही त्यानं हवेतनं काढलेलं न्हाई. परदेशात एका कंपनीनं खरीखुरी रायफल काढल्ती, बॅटरीवरची. ह्यानं मोबाईलवर सगळं पाह्यलंय. तीन-चार वर्षांत बंद पडली.

…बंदूक न्हाई गं, कंपनीनं काढायची बंद केली. बंदूक बिलकुल झकास होती. तिला काडतुसं निराळी लागायची. दुकानदार म्हणे, बंदूक खपली की काडतुसं ठेवू. गिऱ्हाईक म्हणे, काडतुसं दिसली की बंदूक घेऊ. दोघं बी शहाणे, अन् बंदूक गेली.

ह्याचं मत निराळं हाय. हा म्हणतो, त्यांच्याकडं मक्यात रानडुकरं शिरत नसतील, म्हणून त्यांना गरज कळली न्हाई.

…असतील गं. मला काय माहीत? मी तिकडची डुकरं मोजून आले का?

थांब, आबा बाहेर आले. खांद्याला खोळ. फेटा बांधलाय… हो, लग्नातला. कल्याणदादा मागनं खुर्ची घेऊन आले. ते कालच आल्ते अंकुशनगरहून, कारखान्यातनं रजा टाकून. येणारच ना. परवान्याचा सवाल हाय.

…तुला हे बी न्हाई सांगितलं? देवा. या घरात तुला सांगतात तरी काय?

आबांना आता अठ्ठ्याहत्तर लागलं. बंदुकीचा परवाना एका पोराच्या नावावर करायचाय. कल्याणदादा म्हणतात, मी थोरला. तुझा दादा म्हणतो, मका माझा, डुकरं माझी, तर बंदूक बी माझीच. आबांनी निकाल दिला, खंडेनवमीला पेटी लावायची, बटण तीनदा दाबायचं. तीन ठिणग्या पडल्या तर परवाना धाकट्याचा, हरिओमचा. एक जरी चुकली तर थोरल्याचा. सगळ्या गावासमोर.

न्हाई न्हाई, दारू भरायची न्हाई. सिराजोद्दीनचाचांनी पहिलंच बजावलं, सरकारी कागद झाल्याबिगर दारूचा कण नको, नुसती ठिणगी बघू… तेच ते, जालन्याचे, बंदूक दुरुस्तीवाले. त्यांच्या आजोबानं तर हिचा घोडा बसवल्ता. सकाळीच आले, शिरखुर्म्याच्या डब्यातनं पाने-पकडी घेऊन.

परवाना मिळून काय करायचंय म्हणतेस… अर्पिता, तू आठवून सांग बरं. तुझ्या दादानं आजवर जेवढं काही बनवलं, त्यातलं एक तरी या घरात वापरलं गेलं का? अंडी उबवायचं मशीन बनवलं, त्यात तुझी आई लोणच्याच्या बरण्या ठेवती. भुईमूग फोडायचं यंत्र बनवलं, त्याच्यावर आता तुळस हाय. हा माणूस बेचाळीस वर्षांचा झाला, अन् आबांनी एकदा बी त्याला म्हटलं न्हाई, बरं केलंस. तेवढं त्याला आज ऐकायचंय. परवाना काय, कागद हाय.

…रडून न्हाई राह्यले. वारा हाय गच्चीवर.

आबांचं एकच म्हणणं, माझी रायफल दगा देत न्हाई. अन् खरं हाय ते. रोज दिवस मावळायला खोळ खांद्याला लावून मक्यात जातात, अन् धडाम. एक बार. डुकरं पार नदीपल्याड. परवा केवढा पाऊस होता, तरी धडाम. हा ओसरीवर बसून ऐकत होता. म्हणला, शीतल, एवढ्या पावसात टोपी फुटली कशी? दोन रात्री झोपला न्हाई. पेटीला रबराचं डबल आवरण केलं. आबांच्या बरोबरीचं काही बनवायचं म्हणजे सोपं हाय का?

पेटीत? पेटीत कुंपणाच्या झटका मशीनची बॅटरी हाय, एक बटण हाय, वायरी हायेत, अन् तुझ्या… हॅलो? तुझा आवाज तुटून राह्यलाय… न्हाई, बरोबर ऐकलंस. तुझ्या स्कुटीची कॉईल.

…अगं ती दोन वर्षं इथं गोठ्यात उभी होती. त्याला वाटलं, तुला नको असंल… हो. हो. मी म्हटलं होतं त्याला, विचार… बरं, दसरा झाला की परत बसवून देतो. आता ऐक, सुरू झालं.

पेटी टेबलावर ठेवली. झेंडूचा हार घातलाय तिला. नुसत्या वायरीवर पहिल्यांदा करून दाखवून राह्यला. दाबलं… पडली. निळी. इथनं दिसली मला, भर दुपारी. दुसरी बी पडली. तिसरी… पडली, पडली. तुझे बद्रीनाथमामा टाळ्या वाजवून राह्यले.

सिराजचाचा? ते मिशीत हसून राह्यले. सकाळी चहा घेताना ह्याला म्हणले, "बेटा, मेरे पास तीन पीढी से गिऱ्हाईक आते. बंदूक लेनेवाला एकच बात पूछता, बरसात में चलेगी क्या? अब उसको मैं क्या बोलूं, चार्जिंग देख लो?" तुझा दादा म्हणला, चाचा, मोबाईलला बी लोक असंच म्हणत होते. चाचा म्हणले, "मोबाईल के सामने सूअर खडा नै रहता."

आता रायफलीला जोडायचंय. तुझी आई अजून स्वयंपाकघरातच हाय. सकाळपास्नं तीनदा म्हणली, आज नका करू, दिवाळीत करा. मी म्हटलं, आई, खंडेनवमीलाच हत्यारं पूजतात, दिवाळीत काय काढायचं? तर पुरण घोटत बसली. माझ्याकडं बघतच न्हाई.

माप? रायफलीचं माप त्यानं जुन्या फोटोवरनं घेतलं. आबा हात लावू देतात का? खोळ सोडायची न्हाई, गाठ सोडायची न्हाई. गेल्या साली तर पूजा बी खोळीवरच केली, वरूनच हळद-कुंकू. म्हणले, लोखंडाला हवा नको. मला वाटलं, म्हातारपणी जपतो माणूस वस्तूला.

थांब… चाचा म्हणून राह्यले, खोळ काढा. आबा म्हणतात, खोळीवरनंच लावा वायर. चाचा म्हणले, "रामरावजी, कपडे में ठिणगी? पूरी खोळ जल जाएगी. और मैं पहले खोल के देखता, भरी है के खाली. बंद बंदूक को मैं हात नै लगाता."

आबा पाणी मागून राह्यले… पिले. परत मागितलं.

कल्याणदादा म्हणले, आबा, मी सोडतो गाठ. आबा न्हाई म्हणले. कल्याणदादा सोडूनच राह्यले… सुटली.

…

हॅलो. हाय मी, हाय. थांब जरा.

अर्पिता, पाईप हाय गं.

पाईप. पीव्हीसीचा. दीड इंची असंल. अन् खालच्या अंगाला कुदळीचा दांडा बांधलाय.

…न्हाई, मी नीट बघून राह्यले. पाईपच हाय, त्याच्यावर कंपनीचं नाव बी दिसतंय. कल्याणदादांनी तो असा हातात धरलाय, दिंडीतल्या पताकेसारखा.

खोळीतनं अजून काहीतरी पडलं. चाचांनी उचललं… सुतळी बॉम्बचं पाकीट. अर्धं संपलेलं. अन् एक काडेपेटी.

म्हणजे बघ, आठ महिने तुझ्या दादाची पेटी काडेपेटीशी टक्कर घेऊन राह्यल्ती.

खरी बंदूक? थांब, आबा सांगून राह्यलेत, ऐकू दे… पोलीस ठाण्यात हाय. लोकसभेच्या टायमाला जमा केल्ती, आचारसंहितेत. ते म्हणतात, सोडवून आणली असती तर विधानसभेला परत जमा. मंग परत आणा, मंग झेडपी, मंग ग्रामपंचायत. दर खेपेला गाडी करून भोकरदन, दर खेपेला अर्ज. म्हणून म्हटलं, इलेक्शनं सगळी संपू द्या, मंग एकदमच आणू.

…आईला माहीत होतं. दारात येऊन उभी हाय, हाताला पुरण. म्हणली, मी तरी किती दिवस पाईपाला हळद-कुंकू लावू?

गाव हसून राह्यलंय आता. कल्याणदादा बी. आबा न्हाई. तुझा दादा बी न्हाई. त्यानं आबांना काय विचारलं माहितीय? म्हणला, पण आबा, परवाच्या पावसात काडी पेटली कशी? आबा म्हणले, छत्री होती.

…हो ना. त्याला तेवढंच पडलंय. जीव भांड्यात पडला त्याचा, दोन रात्रीची झोप उडाल्ती.

थांब थांब, उठला तो. वायरीची टोकं बॉम्बच्या वातीला लावून राह्यला. आबांनीच सांगितलं. लांब नेऊन ठेवला, उकिरड्याकडं. पोरासोरांना मागं हाकललं… दाबलं. लागली वात. आता… ऐकलंस? फोनमधनं ऐकू आलं ना? कबुतरं बघ किती उठली.

दुसरा लावला… तो बी वाजला. तिसरा… थांब… वाजला. तिन्ही वाजले, अर्पिता. एक बी चुकला न्हाई.

आबा उठले खुर्चीतनं. पेटीपाशी गेले. वाकून बघून राह्यलेत… म्हणले. खरंच म्हणले गं. "बरं केलंस." सगळ्यांनी ऐकलं. तुझा दादा नुसता वायरी गुंडाळून राह्यला, वर बघतच न्हाई.

…हो. सांगते त्याला, तू बी म्हणलीस म्हणून.

आबांनी काडेपेटी उचलून खिशात टाकली.

…तसंच समज. उद्यापास्नं बी काडीच. एवढी पेटी खांद्यावर घेऊन कोण मक्यात फिरणार? पण म्हणले ना, बरं केलंस. तेवढं पुष्कळ झालं.

परवाना? तेच तर चालू हाय खाली. कल्याणदादा म्हणतात, बंदूकच न्हाई तर पैज कसली? मामा म्हणतात, शब्द म्हणजे शब्द, तीन पडल्या, परवाना हरिओमचा. आबांनी कपाटातनं परवान्याचं पुस्तक मागवलं. चाचांनी चष्मा लावला. पानं उलटून राह्यले…

आले, आबा, चहा टाकते, आले… अगं मला हाक मारून राह्यलेत, पन्नास कप करायचेत.

…काय निघालं? मुदत संपलीय परवान्याची. गेल्या मार्चला.

…न्हाई, चाचा म्हणतात सोपं न्हाई. मुदत वाढवायची तर बंदूक दाखवावी लागती. अन् ठाण्यातनं बंदूक सोडवायची तर चालू परवाना लागतो.

ठेवते.